ताकाबेबाईंच्या वाट्याचे केस

"सगळे नकोत, बाईसाहेब. चिमूटभर पुरेत," असं म्हणत संचालक मोरिवाकी चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकले. त्यांचं पाहून शेजारी बसलेला तरुण शिष्य कुसाकाही वाकला.

"आहेतच चिमूटभर," शिगेनोबाई म्हणाल्या. "त्यांच्या डोक्यावर होते तरी किती?"

कुसाकाने हसू खोकल्यात दडवलं. मोरिवाकींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बाईंचे दिवंगत पती ताकाबे सेन्सेई, म्हणजे ताकाबे गुरुजी, यांच्या लसीने गावोगावची पोरं वाचली होती, आणि आता त्यांचे शिष्य लसीच्या संस्थेमागे, लसीसाठी पाळलेल्या घोड्यांच्या तबेल्याशेजारी, त्यांचं छोटंसं देऊळ बांधत होते. देव म्हणून आत ठेवायला सेन्सेईंचे केस हवे होते. चितेआधी बाईंनी कापून घेतलेले केस एका कागदी पुडीत आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"विचार करून सांगते," बाई म्हणाल्या. पण विचार करायला बसतील त्या बाई कसल्या! पाहुणे गेल्यावर त्यांनी धुतलेले पेले पुन्हा धुतले, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं आणि कारण नसताना तीनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या.

"बसा की हो घटकाभर! चटया झिजतील," म्हातारी मोलकरीण किनू ओरडली.

"कशी बसू? अस्थी थोरल्या दिरांनी गावच्या देवळात नेल्या. काळीज संस्थेवाल्यांनी बरणीत घालून ठेवलं, म्हणे यांचीच इच्छा. आता केसही द्या! मी काय नुसतं नाव लावून बसू?"

"जिवंतपणी तरी कुठे होते तुमचे? संस्थेचेच होते की."

किनूच्या जिभेला हाड नव्हतं. पण बाईंना राग आला नाही, कारण ते खरंच होतं. लग्नाच्या नव्या नवलाईत घरात जंतू वाढवायची ऊबपेटी नव्हती, तेव्हा त्यांच्या नळ्या बाईंनी किमोनोच्या कमरपट्ट्यात, पोटाशी धरून उबवल्या होत्या. रात्र रात्र बसून झोप काढली होती. "जपून हं, वाकू नकोस," असं सेन्सेई दारातून म्हणत. ही काळजी आपली की नळ्यांची, हे बाईंनी कधी विचारलं नाही. पुढे संस्था झाली, पेट्या आल्या, आणि बायकांना आत यायची बंदी झाली.

"पांढरे ते पांढरेच," किनू भांडी पुसता पुसता पुटपुटली. "कोण ओळखतंय?"

बाई थबकल्या. मग त्यांनी शिवणाची कात्री काढली आणि आरशापुढे बसून कानशिलावरची आपलीच बट कापली. ती नव्या पुडीत बांधली आणि सेन्सेईंची पुडी कपाटाच्या खणात सारली. नवी पुडी न्यायला कुसाका आला. स्वतःच्या लग्नाआधी हा पोरगा वर्षानुवर्षं याच घरात जेवला होता. त्याने पुडी उघडून पाहिली.

"काकू, सेन्सेईंचे केस इतके मऊ होते?"

"का रे? तू त्यांच्या डोक्यावरून कधी हात फिरवला होतास?"

कुसाका कानापर्यंत लाल झाला आणि पुडी मिटून निघून गेला. बाईंच्या जिवाला मात्र घोर लागला. या माणसांचा धंदाच सूक्ष्मदर्शकाचा! सहज म्हणून एखादा केस काचेखाली धरला तर? फाटक वाजलं की त्या हातातलं काम टाकून दाराआड उभ्या राहत. सांगून टाकावं, असं म्हणत त्या चपला घालत आणि पुन्हा काढून ठेवत.

कोणी आलं नाही, आणि स्थापनेचा दिवस उजाडला. भटजींनी मंत्र म्हटले, देवापुढे भात, मासा आणि साके ही तांदळाची दारू मांडली. घरचं माणूस म्हणून बाईंना देवळालगत, लोकांकडे तोंड करून उभं केलं होतं. मोरिवाकी पुढे आले.

"आपल्या कष्टांवर आम्ही उभे आहोत," ते देवळाकडे पाहून म्हणाले. आवाज कापत होता. "आपल्याला झोप नव्हती, सुख नव्हतं. आम्ही कधी आभारही मानले नाहीत. क्षमा करा."

सगळे वाकले. रीतीप्रमाणे देवापुढे दोन टाळ्या वाजवून पुन्हा वाकले. कुसाका तर लहान मुलासारखा रडत होता.

कोणी आपल्यापुढे वाकलं की आपणही वाकायचं, ही बाईंची जन्माची सवय. त्याही वाकल्या, सगळ्यांहून खाली, आणि बराच वेळ तशाच राहिल्या. एवढे शब्द त्यांना आजवर कोणी ऐकवले नव्हते. डोळे पुसायला हात वर नेला, आणि एकदम त्यांच्या मनात आलं, की ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तो माणूस घरी कपाटाच्या खणात एकटा पडलाय. त्याच्यापुढे आज कोणी दिवाही लावलेला नाही.

जेवणाची पानं मांडली जात होती. बाईंनी छत्री उचलली.

"काकू, जेवून जा ना," कुसाका धावत आला. "आज तुमचाच मान आहे."

"नको रे बाबा. उशीर होतोय."

"किनूआजी आहे की घरी."

"ती तिच्या लेकीकडे गेलीय," बाई म्हणाल्या. "हे एकटेच आहेत."

कुसाकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग देवळाकडे. घाईघाईने त्याने देवापुढच्या भाताचा एक वाडगा फडक्यात बांधला आणि बाईंच्या हातात दिला.