मऊ पडलेले कप

विश्रांतवाडीच्या आमच्या विहाराचा फळा मी लिहीत असे. पौर्णिमा कोणती, वंदना किती वाजता, प्रवचन कुणाचं, एवढंच. पण माझे वडील धोंडिबा मोठेपणी याच फळ्यावरून अक्षरं लावायला शिकले आणि मी सरकारी नोकरीला लागले तेव्हा त्यांनीच खडू माझ्या हातात दिला. त्यामुळे संधिवाताने उजवा अंगठा धरला, खडू निसटायला लागला, तेव्हा मला रडू आलं. विहाराचा सचिव संजय लगेच छापील फ्लेक्स घेऊन आला. ताई, तुम्ही आता आराम करा, म्हणाला. फ्लेक्सवर बुद्धपौर्णिमेपेक्षा त्याचा फोटो मोठा होता.

माझा भाचा प्रज्ञेश पॉलिमर शिकलाय. उसाची साखर आंबवून बनवलेल्या प्लास्टिकचे दाणे आणायचे आणि धानोरीच्या गाळ्यात त्यांचे कप काढायचे, हा त्याचा उद्योग. त्या पौर्णिमेला खिरीसाठी त्याने विहाराला कप दिले. ते फार गरम सोसत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून खीर निवू द्या असं त्याने बजावलं होतं. पण भाषणं लांबली. पाहुण्यांना गार खीर कशी द्यायची, म्हणून स्वयंपाक बघणाऱ्या कुसुमने पातेलं मंद आचेवर तसंच ठेवलं. रांग लागली आणि एकेक कप मान टाकायला लागला. कुणाच्या सदऱ्यावर खीर, कुणाच्या चपलेवर. एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "खीर उत्तम. कप मात्र जरा जास्त शिजलेत."

लोक हसले. प्रज्ञेशचं तोंड एवढंसं झालं. मशीन विकून हिंजवडीत नोकरी धरतो, असं तो मला म्हणाला.

मी चिडून ते लोळागोळा झालेले कप उचलत होते. दोनतीन मऊ कप अंगठ्याशी दाबून धरले आणि संजयला भाषणांवरून चार शब्द सुनावत उभी राहिले. बोलणं संपेपर्यंत कप गार होऊन अंगठ्याच्या बुडाशी घट्ट बसले होते. अंगठा वाकेना, म्हणून दुखेनाही. तशीच खिरीचा डाव उचलून बघितला. उचलला गेला. दुकानातला अंगठ्याचा पट्टा मला एक तर सैल पडायचा नाहीतर काचायचा. हे माझ्याच हाताचं माप होतं.

प्रज्ञेशला दाखवलं, तर तो म्हणाला, "आत्या, हा फेल गेलेला माल आहे."

"मीसुद्धा रिटायर झालेला माल आहे. याची जाड पट्टी करून दे."

पहिली पट्टी कढई उचलताना तडकली. मग त्याने वनस्पतींपासूनच मिळणारं दुसरं, लवचीक पॉलिमर त्यात मिसळलं. पुढची पट्टी मोठ्या अभिमानाने घेऊन आला. ही नीट तापवून पक्की केलीय, उकळत्या पाण्यातही हिचं काही बिघडणार नाही, म्हणाला. खरंच बिघडलं नाही. अंगठ्यावर ठेवली तर फूटपट्टीसारखी सरळच. मला हसावं की रडावं कळेना.

"अरे, तुझ्या कपांचा जो दोष होता ना, तोच मला हवाय."

मग तापवून पक्कं करणं सोडून त्याने पुन्हा पट्टी केली. घाम सुकावा म्हणून भोकं पाडली. हातांचे व्यायाम घेणाऱ्या नीरजाबाईंनी अंगठा कसा ठेवायचा ते सांगितलं. पट्टी गरम पाण्यात मऊ करून, जरा निवल्यावर कापडावरून माझ्या हातावर बसवली. चुकलं की पुन्हा पाण्यात. हिंजवडीचा विषय त्याने परत काढला नाही.

आषाढ पौर्णिमेच्या सकाळी मी विहारात गेले. फ्लेक्स टांगलेला होताच. संजयला म्हटलं, फ्लेक्स राहू दे, फळा तेवढा खाली घे. त्याने घेतला. पट्टीच्या आधाराने खडू धरला आणि लिहायला लागले. अक्षर पूर्वीचं राहिलं नाही, 'आषाढ'मधला 'ढ' तर पोटात दुखत असल्यासारखा आला. पण अक्षर माझं होतं, आणि मला फार बरं वाटलं.

तळाशी जागा उरली होती. तिथे लिहिलं : खीर गरम असेल. वाट्या स्टीलच्या आहेत.

प्रज्ञेश मागे उभा राहून वाचत होता. बुद्धपौर्णिमेनंतर तो पहिल्यांदा हसला, आणि माझा हात धरून पट्टीला कुठे चीर गेली नाही ना, ते बघायला लागला.