नसलेले एकशे ऐंशी प्रवासी

ओत्सो रौतिओलाने विमान उतरवलेलं बघत राहावं असं असायचं. आडवा वारा असो, धावपट्टीवर बर्फ असो, पोरगा चाकं अशी टेकवायचा की मागे बसलेल्याच्या हातातली कॉफी हलायची नाही. एवढा गुणी मुलगा वैमानिकाच्या शेवटच्या परीक्षेत नापास झाला होता, आणि कशात म्हणाल तर बोलण्यात!

मोठ्या विमानात डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे सहवैमानिक. एकाने काही सांगितलं की दुसऱ्याने ऐकलं म्हणून तोंडाने उत्तर द्यायचं, अशी रीत. आता फिनलंडमधल्या पोह्यन्मा प्रांताच्या सपाट शेतांतल्या माणसाकडून हे करून घेणं म्हणजे रेड्याच्या तोंडून वेद वदवणं. ओत्सोच्या घरी बाप चुकून ‘सूप चांगलं झालंय’ म्हणाला, तर आई विचारायची, “काय होतंय तुम्हाला? ताप आहे का?” तिकडे होकार द्यायचा म्हणजे श्वास हळूच आत ओढून ‘यो’ करायचं, तेही ओठ न हलवता. शेजारच्याला तेवढं पुरतं. लग्नंसुद्धा त्याच्यावर लागतात.

पण फितीवर तो श्वास उमटत नाही. पहिल्या परीक्षेची ध्वनिफीत लावली तेव्हा त्यात कॅप्टनचा आवाज होता, यंत्रांची घरघर होती, आणि ओत्सोच्या जागी नुसती शांतता. त्याने प्रत्येक वेळी उत्तर दिलं होतं हो, पण श्वास आत ओढून!

“अरे, तू होतास ना तिथे?” परीक्षक आर्पोनेन बाईंनी विचारलं.

ओत्सोने श्वास आत ओढला.

“बघ! पुन्हा तेच!” बाईंनी कपाळाला हात लावला आणि शेरा लिहिला, ‘उमेदवार कुशल आहे, हजर होता की नाही, सांगता येत नाही.’

असे नापास झालेले बरेच निघाले तेव्हा वैमानिकांच्या शाळेने उपाय काढला. फिनलंडच्या मुलांना बोलायला शिकवायला स्वीडनहून माणूस आणला! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. स्टॉकहोमचा हा योरान, गळ्यात रंगीत मफलर, खिशात पिवळ्या चिठ्ठ्या. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना गोल बसवलं आणि ओत्सोच्या हातात चेंडू दिला.

“सांग, आज तुझ्या मनात कसं हवामान आहे?”

“ढगाळ.”

“वा! सुरेख! आणखी सांग ना!”

“झालं.”

योरानला वाटलं, पोरगं दुःखी आहे. त्याने ओत्सोला मिठी मारली. ओत्सोला असं कुणी आजवर मारलं नव्हतं, म्हणजे मिठी. तो खांबासारखा उभा राहिला आणि वर्ग संपेपर्यंत त्याचे कान लाल होते.

पण शिकला हो पोरगा. शिकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. दुसऱ्यांदा नापास झाला तर शाळेतून नाव कमी, आणि विमान कंपनीने त्याच्यासाठी राखलेली उजवीकडची खुर्ची दुसऱ्याला. सहा वर्षांचा असल्यापासून त्याला आयुष्यात फक्त ती खुर्ची हवी होती. घरी बाप ट्रकने लाकडाचे ओंडके वाहायचा. निकाल कळल्यावर त्याने फक्त अंगणात उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रकची टायरं बदलून ठेवली. ओत्सोला ती नवी टायरं दिसली आणि तो ट्रक कुणासाठी आहे ते कळलं. त्या रात्रीपासून तो गायींच्या रिकाम्या गोठ्यात उभा राहून मोठमोठ्याने ओरडायला लागला: “तीन हजार फूट! ऐकलं! दोन हजार फूट! ऐकलं!” शेजाऱ्यांना वाटलं, मुलगा गेला कामातून.

परीक्षेत कॅप्टनच्या खुर्चीत बसायचे ते लाउहा. तीस वर्षं खरी विमानं चालवून आता शाळेच्या खोट्या विमानात मुलांसोबत बसायचे. खोटं विमान म्हणजे पायांवर उभी केलेली पांढरी पेटी. आत सगळं खऱ्यासारखं, मुलं त्याला ‘डबा’ म्हणायची. लाउहा म्हणजे मौनाचे मेरुमणी. योरानच्या वर्गात त्यांनाही बसवलं होतं. चेंडू हातात आल्यावर त्यांनी तो नीट न्याहाळला, खिशात घातला आणि घरी नेला. नातवाला लागत होता म्हणे.

या परीक्षेत एक हुकमी प्रसंग असायचा: उडता उडता कॅप्टनने बेशुद्ध पडायचं. नियम सरळ होता. दोनदा हाक मारा, उत्तर नाही आलं तर कॅप्टन गेले असं समजा आणि विमान हातात घ्या. लाउहांना हे सोंग मनापासून आवडायचं नाही. ते हाताची घडी घालून डोळे मिटायचे, की झाले बेशुद्ध. मुलांनी त्यावर एक खोडी शोधून काढली होती. बेशुद्ध लाउहांच्या कानाशी हळूच म्हणायचं, “कॉफी घेणार, कॅप्टन?” की मेलेले लाउहा श्वास आत ओढून ‘यो’ म्हणायचे. राहवायचंच नाही त्यांना. कॉफीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी डब्यात चौघं बसले. पुढे लाउहा आणि ओत्सो, मागे आर्पोनेन बाई आणि मार्क द्यायला योरान. बाईंनी बजावलं, “लक्षात ठेव, आम्ही इथे नाही. आमच्याशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि ते मधलं लाल बटण खरी आग लागली तरच दाबायचं. परीक्षेत उमेदवाराने डबा थांबवला की नापास. मग मी तुझी आई असले तरी काही करू शकणार नाही.”

“ऐकलं!” ओत्सो गरजला. बाई दचकल्या.

डबा उडाला. ओत्सो बोलत होता, अगदी तोंड भरून. उंची सांगत होता, वेग सांगत होता, वारा सांगत होता. मागे योरानच्या पेन्सिलीची खसखस चालू होती. लाउहा तेवढे नेहमीसारखे श्वास ओढत होते. त्यांना काय, त्यांची परीक्षा नव्हती. आज त्यांचा चेहरा जरा घामेजला होता, पण डब्यात उकडतंच.

“दोन हजार फूट, कॅप्टन.”

लाउहा गप्प.

“दोन हजार फूट, कॅप्टन!”

गप्प. ओत्सोच्या मनात आनंदाची उकळी फुटली. आलाच की प्रसंग! “विमान माझं!” त्याने ताब्यात घेतलं, लाउहांचे पट्टे आवळले, त्यांची खुर्ची मागे सरकवली. “कॅप्टनची तब्येत बिघडली आहे! मी उतरवतोय!” सगळं घड्याळासारखं. खुर्ची आता आपलीच, ट्रक गेला खड्ड्यात. इतका आनंद झाला त्याला, की जाता जाता तो लाउहांच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, “कॉफी घेणार, कॅप्टन?”

काहीच नाही.

“दालचिनीच्या पावासोबत?”

श्वास आत गेला नाही. बाहेरही आला नाही. ओत्सोने नीट पाहिलं. लाउहांच्या हातांची घडी नव्हती, हात लोंबत होते आणि ओठ निळे पडले होते.

“कॅप्टन खरंच आजारी आहेत!” तो ओरडला.

योरानने कागदावर खूण केली. पूर्ण मार्क.

“अहो, खरंच! सोंग नाही हे! मरतील ते!”

“काय भावना आहे आवाजात!” योरान बाईंच्या कानात पुटपुटला. “बघितलंत? याच मुलाला बोलता येत नव्हतं.”

“आर्पोनेन बाई! ऐकताय का?”

“आम्ही इथे नाही,” बाई कोरडेपणाने म्हणाल्या. लाउहांना बेशुद्ध व्हायला त्यांनीच सांगून ठेवलं होतं. ठरल्यापेक्षा थोडं लवकर झाले, एवढंच त्यांना वाटलं.

जन्मभर मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस आता जीव तोडून बोलत होता, आणि त्याच्या प्रत्येक शब्दाला मार्क मिळत होते. असला संताप त्याला कधी आला नव्हता. आणखी चार मिनिटं, मग धावपट्टी, मग खुर्ची. चार मिनिटं गप्प बसला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. तसा तो गप्प बसण्यातला उस्तादच होता.

त्याने लाल बटणावर मूठ हाणली.

डबा हिसका देऊन खाली बसायला लागला. दिवे लागले, भोंगा वाजला. “अरे मूर्खा, काय केलंस हे!” बाई किंचाळल्या, “नापास झालास ना!” ओत्सोने लाउहांना खुर्चीतून ओढून जमिनीवर घेतलं होतं आणि त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी जोर देत होता.

“ए योरान! बाहेर भिंतीवर झटके द्यायचं यंत्र आहे, घेऊन ये! धाव, बघत काय बसलास!”

योरान धावला. एक शब्द न बोलता धावला, आणि आला तोही तसाच. बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. दुसऱ्या झटक्याला लाउहांची छाती हलली.

या सगळ्या धांदलीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. डबा खाली बसला होता, पण संगणकातलं विमान उडतच होतं. ते थांबवायची कळ बाईंच्या टेबलावर होती, आणि बाई फोनवर होत्या. पुढच्या काचेवरच्या चित्रात ते विमान जंगलावरून गेलं आणि कुणीही हात न लावता एका तळ्यात पडलं.

तीन आठवड्यांनी समिती बसली. शाळेचे प्रमुख काळा सूट घालून आले होते. योरानने अहवाल वाचला: बोलण्यात उमेदवाराला शंभरपैकी शंभर. मग प्रमुखांनी घसा खाकरला.

“परंतु विमान तळ्यात पडलं. एकशे ऐंशी प्रवासी दगावले.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एका सदस्याने तर हळूच उसासा सोडला.

“कोण प्रवासी?” ओत्सोने विचारलं.

“विमानातले.”

“डब्यात आम्ही चौघं होतो. चौघंही जिवंत आहेत.”

“वजनाच्या हिशोबात एकशे ऐंशी होते,” प्रमुख म्हणाले. “हे बघ बाळ, आम्हालाही वाईट वाटतंय. पण उद्या खऱ्या विमानात एका माणसासाठी तू खुर्ची सोडलीस तर?”

“खऱ्या विमानात मागे बसलेले लोक ‘आम्ही इथे नाही’ म्हणत नाहीत!”

आर्पोनेन बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. बैठकीआधी व्हरांड्यात त्यांनी ओत्सोचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, की तू माझ्या डोळ्यांदेखत मूर्ख ठरवलंस मला, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. आता त्याच हाताने त्यांनी ‘नापास’वर सही केली. नियम तो नियम. प्रमुखांनी त्या एकशे ऐंशींसाठी मिनिटभर शांतता पाळायला सांगितली. समितीला ते जमलं, त्यात फिनलंडच्या माणसाला काही शिकवावं लागत नाही.

ओत्सो ट्रक चालवायला लागला. उजवीकडची खुर्ची दुसऱ्याला गेली. शाळेत मात्र त्याचं नाव झालं. योरान प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी त्याची ध्वनिफीत ऐकवायचा: ‘अहो, खरंच! मरतील ते!’ बोलावं तर असं, म्हणून सांगायचा. त्या मुलाचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं की मफलर सारखा करून म्हणायचा, “तो नापास झाला. पण किती सुंदर नापास झाला!”

उन्हाळ्यात एके दिवशी ओत्सो ओंडके उतरवत होता, तेव्हा वखारीच्या फाटकाशी एक जुनी गाडी थांबली. कॅप्टन लाउहा उतरले. बारीक झाले होते. ओत्सोने हातमोजे काढले.

“माझं एक छोटं विमान आहे,” लाउहा म्हणाले. “चार खुर्च्यांचं.”

एवढं लांब वाक्य ओत्सोने त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

“परवाना काढून घेतला माझा. हृदयामुळे. एकट्याने उडायचं नाही म्हणतात. बायको म्हणते, विकून टाक. तुझा छोट्या विमानांचा परवाना आहे ना अजून?”

“आहे.”

“मग चल की. डावीकडे तू बस. मी उजवीकडे बसतो.”

ओत्सोने हातातले मोजे ओंडक्यावर ठेवले. “कॅप्टनच्या खुर्चीत? मी?”

“मग काय मी? मला दोन हजार फुटांवर काय होतं, बघितलंस ना.”

त्याच संध्याकाळी ते उडाले. चढताना ओत्सोने सांगून टाकलं, “पण एक अट आहे. बोलत राहायचं. तुम्ही गप्प झालात की मला पुन्हा तुमचे निळे ओठ दिसतात.”

लाउहांनी थोडा विचार केला आणि सुरुवात केली. बटाट्यांपासून. मग नातवाचे दात, मग शेजाऱ्याची बोट, मग चाळीस वर्षांपूर्वी बायकोला मागणी घालताना काय म्हणायचं राहून गेलं ते. खाली तळी एकामागून एक सरकत होती. विमानतळाच्या मनोऱ्यावरून रेडिओवर काहीतरी विचारत होते, पण लाउहांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ओत्सोने त्यांना एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.