मी वीप, भिंतीत राहतो

मी वीप. इंग्रजी शब्द आहे, पण राहतो पुण्यात. माझा साधा अर्थ रडणे. आमच्या भाषेत रडण्याला शब्द पुष्कळ. हुंदक्यांना वेगळा, लहान पोराच्या भोकाडाला वेगळा, घरात रोज लागतो तो वेगळा. त्या सगळ्यांत मी जुना आणि जरा गंभीर. म्हणून प्रार्थनेत आणि कवितेत मला जागा मिळाली, आणि रोजच्या बोलण्यातून मी हळूहळू बाहेर पडलो.

इंग्रज गेले तेव्हा मला बरोबर न्यायचं विसरले. पुण्याच्या शाळांत मुलं मला सुरात घोकायची: वीप, वेप्ट, वेप्ट. माझा अर्थ एकाच्याही तोंडावर दिसत नसे. पुढे मला अशी कामं मिळाली, ज्यांत डोळ्यांचा संबंधच नव्हता. पाणी सुटणाऱ्या जखमेला डॉक्टर माझं नाव द्यायचे. रोपवाटिकेत, फांद्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या झाडाच्या पाटीवर मी असायचो. आणि इंजिनिअरिंगच्या वर्गात मला भिंतीत नेऊन बसवलं.

टेकडी कापून जागा सपाट केली, की मागची माती धरायला भिंत बांधतात. पावसात टेकडी पाणी पिते. ते पाणी मागे साचलं, तर भिंतीला ढकलत राहतं. म्हणून भिंतीत पाइपाची भोकं ठेवतात. त्यांतून ते झिरपून बाहेर येतं. ती वीप होल. भिंत उभी राहते ती तिला रडता येतं म्हणून, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो. घरातली मोठी माणसं तर उलटंच शिकवतात. त्यांना ते कुणी शिकवलं, हे विचारायची सोय नाही.

शालूची आणि माझी ओळख त्याच वर्गातली. कात्रजच्या आप्पासाहेबांची ही मुलगी. शेत शहरात गेलं, तशी आप्पासाहेबांनी नांगर सोडून बांधकाम धरलं. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी पहिली इमारत उभी केली. मागे वीस फूट उंच भिंत, आणि भिंतीला लागून पत्र्याच्या सहा खोल्या. त्यांत बांधकामावरची कुटुंबं राहायची, आणि आप्पासाहेबांच्या म्हशी सांभाळणाऱ्या सरुबाई. शालू मात्र नोकरीला वाघोलीत, दुसऱ्याच्या साइटवर. घरच्या कामात तिला कुणी विचारलं नव्हतं.

२००६ चा ऑगस्ट. वीस दिवस पाऊस लागून राहिला होता, मधे एकच दिवस उघडीप. शुक्रवारी इमारतीची वास्तुशांत, म्हणून शालू बुधवारी सकाळी घरी आली आणि सवयीने मागे भिंत बघायला गेली.

भिंत कोरडी होती. तिला नवा पिवळा रंग दिला होता. सगळीकडे चिखल, आणि ही अशी स्वच्छ!

"रज्जाकचाचा, भोकं कुठे गेली?"

रज्जाक मिस्त्री जुन्या पुण्यातले. भिंत त्यांच्याच हातची. त्यांनी मान खाली घातली. "बुजवली, शालूताई. परवा, ऊन पडलं तेव्हा."

"तुम्ही? तुम्हाला माहीत नाही?"

"मी म्हणालो साहेबांना, वीप होल आहेत, ठेवावी लागतात. म्हणाले, मराठीत सांग. मग काय सांगणार? म्हणालो, भिंत रडते त्यातून. तर म्हणाले, वास्तुशांतीला पाव्हणे येणार, माझ्या दारात रडणारं काय बी नको."

एवढ्यात आप्पासाहेब आलेच. "काय चाललंय? आल्या आल्या तपासणी?"

"आप्पा, भिंत फुगलीय." शालूने भिंतीच्या माथ्यावरून ओळंब्याची वजन लावलेली दोरी सोडली होती. दोरी वरच्या काठाला टेकत होती आणि भिंतीचं मधलं पोट तिला बाहेर ढकलत होतं. "हे बघा. आधी खोल्या रिकाम्या करा."

"परवा कार्य हाय. गावात सांगू का, आप्पाच्या भिंतीला भेऊन लोक पळाले?"

"सांगा ना. पडल्यावर सांगण्यापेक्षा बरं."

"त्वांड आवर! चार बुकं शिकलीस म्हणून बापाला भिंत शिकवतीस व्हय?"

"हो. त्यासाठीच शिकवलंत ना?"

ती थांबलीच नाही. पहिल्या दारावर तिने हात मारला. सरुबाई बाहेर आल्या. "अगं पोरी, चुलीवर भात हाय माझा."

"भात घेऊन निघा, पण निघा. आत्ता."

सरुबाईंनी एकदा शालूकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग पदराने पातेलं धरलं आणि शेजारच्या दारात ओरडल्या, "ए, ऊठ! पोरं घे, बाकीचं राहू दे!" पाव तासात सहा खोल्यांतली एकोणीस माणसं रस्त्याच्या पलीकडे उभी होती. शालूने ती दोनदा मोजली.

मग तिने पहार उचलली. रज्जाकमिस्त्रींनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "तुम्ही बाजूला थांबा. बुजवली मी, उघडणार मी." आप्पासाहेबांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. भिंतीच्या टोकाशी, अंग कडेला ठेवून, त्यांनी सगळ्यात खालच्या भोकावर पहार घातली. चौथ्या घावाला सिमेंटचा बोळा सुटला.

थेंब आला नाही. मनगटाएवढी लाल धार सुटली आणि दहा फुटांवर जाऊन आदळली. दुसरं भोक, तिसरं, सातवं. टेकडी बोलायला लागली. तो आवाज इतका मोठा होता, की रस्त्यापलीकडची पोरं कान झाकून बघत राहिली.

तो ऐकला आणि मला माझं लहानपण आठवलं. हजार वर्षांच्याही कितीतरी मागे, माझ्यात मुळी आसवं नव्हती. माझ्या नात्यातले सगळे जुने शब्द मोठ्या आवाजाचे होते. कुणाचा अर्थ आरोळी, कुणाचा किंचाळी, कुणाचा हाक. कुणी मेलं, गाव पेटलं, की बाया आणि बाप्ये उभे राहून जे ओरडायचे, ते मी होतो. पुढे शतकामागून शतक माणसांनी मला खालच्या आवाजात बोलायला लावलं. शेवटी गालावरून गुपचूप ओघळणारं पाणी तेवढं माझ्या वाट्याला उरलं. आणि इथे, कात्रजच्या चिखलात, एक डोंगर मला माझ्या पहिल्या आवाजात उच्चारत होता. एवढा मोठा मी होतो?

दुपारपर्यंत धारा आडव्या होत्या. मग त्या हळूहळू वाकल्या. भिंतीचं पोट आत गेलं नाही, पण पुढेही सरकलं नाही. आप्पासाहेब घोट्यापर्यंत लाल पाण्यात उभे होते. नवं धोतर गुडघ्यापर्यंत रंगलं होतं.

"एवढं पाणी व्हतं मागं?" ते कुणाला विचारत होते, कळलं नाही.

"अजून आहे," शालू म्हणाली.

त्यांनी रस्त्यापलीकडे बघितलं. सरुबाई फुटपाथवर बसून पोरांना भात वाढत होत्या. आप्पासाहेब तिथवर गेले. "सरू, इमारतीतल्या खालच्या मजल्यावर ऱ्हावा समदी. किल्ल्या देतो."

"आन् वास्तुशांत, आप्पा?"

"ऱ्हाऊ दे."

शुक्रवारी कार्य झालं नाही. दिवाळीनंतर भिंत मधून उतरवून पुन्हा बांधली. आराखडा शालूचा, हात रज्जाकमिस्त्रींचा. भोकं पहिल्यापेक्षा दुप्पट. खोल्या तिथे पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. बाप-लेकीचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मला त्याची घाई नाही.

मी अजून तिथेच आहे. पावसाळ्यात माझ्या तोंडाशी शेवाळ धरतं, चिमण्या पाणी पितात. पुण्याच्या टेकड्यांखाली आता अशा शेकडो भिंती आहेत. भर पावसात त्यातली एखादी कोरडी, रंगवलेली, फार शहाणी दिसली, तर तिचं कौतुक करत उभे राहू नका. आधी तिच्या पायाशी कोण राहतं ते बघा, आणि जोरात ओरडा.