घरात पुरुष नाही

क्लिओफसनं वस्तरा टॉवेलला पुसून बाजूला ठेवला, मासिक हातभर लांब धरलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. खुर्चीत एल्झी हारग्रोव्ह बसला होता. गळ्यापर्यंत पांढरी चादर, एका गालावर फेस.

"'या अल्बममध्ये अवघं डेट्रॉइट आहे. बंद पडलेले कारखाने, जळालेली दुकानं, युद्धावरून परत न आलेली पोरं. सोल संगीतात इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. पण काळजात घुसतं ते शेवटचं गाणं. बाप सोडून गेलेल्या एका मुलीनं...'" क्लिओफस अडखळला. चष्म्याच्या वरून त्यानं गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "एल्झी, तू सोडून कधी गेलास रे? मला तर दर शनिवारी इथंच दिसतोस."

भिंतीला टेकून बसलेले सगळे हसले.

"बुधवारी गेला असेल, गुरुवारी परत."

"ओझेलावहिनीच्या हातचा तळलेला मासा आठवला असेल!"

फेसाखालून एल्झीही हसला. "गेलो होतो ना. सिगारेट आणायला. दुकानात गर्दी फार, वेळ लागला."

हशा वाढला आणि एकाएकी थांबला. दारात व्हर्डेल उभी होती. वडिलांना घरी न्यायला आली होती ती. किती वेळ उभी होती, कुणाला कळलं नव्हतं.

क्लिओफसनं मासिक मिटलं. मुखपृष्ठावर तिचाच फोटो होता. त्यानं ते पालथं घालून ठेवलं. "ये गं बाई, ये. आपल्या सगळ्या लिनवुड वस्तीचं नाव काढलंस. आणि काय, गाण्यात थोडं इकडचं तिकडे होतंच."

"थांब पोरी," एल्झी म्हणाला, "उरलेला गाल होऊ दे. अर्धी दाढी घेऊन मी कुठं पळणार?"

या वेळी कुणी हसलं नाही.

गाडीत बसल्यावर व्हर्डेलनं किल्ली फिरवली नाही. हात चाकावर ठेवून ती समोरच्या बंद दुकानाच्या फळ्या बघत राहिली.

गाण्यात खोटं काहीच नव्हतं. ती आठ वर्षांची असताना लोखंड ओतणाऱ्या कारखान्यानं एल्झीला कामावरून काढलं होतं. सरकारी मदत मिळायची, पण घरात धडधाकट पुरुष असेल तर नाही. म्हणून मदत कार्यालयाची बाई आली की एल्झी जिन्याखालच्या कोठीत शिरायचा. ती बाई गादीखाली बघायची, न्हाणीत वस्तरा आहे का बघायची. आई दारात उभी राहून म्हणायची, आमच्या घरात पुरुष नाही. तेच वाक्य गाण्याचं धृपद झालं होतं.

कोठीतल्या माणसावरही एक कडवं होतं. बटाट्यांच्या पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, खोकला दाबून धरणारा माणूस. रेकॉर्डिंगच्या दिवशी व्हर्डेलनं ते स्वतःच गाळलं. गाणं लांबतंय, असं तिनं बाकीच्यांना सांगितलं. खरं म्हणजे ते कडवं म्हणताना तिला त्या माणसाची लाज वाटली होती. आपला बाप पोत्यावर बसलेला जगानं बघावा, हे तिला नको होतं.

मग न्यूयॉर्कच्या त्या मासिकाचा समीक्षक आला. लिंडक्विस्ट त्याचं नाव. तरुण, मऊ बोलणारा. गाणं ऐकून त्याचे डोळे खरोखर भरले होते. "वडील गेले तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात?" त्यानं विचारलं. सगळं इतकं छान चाललं होतं. व्हर्डेल म्हणाली, "आठ."

एवढंच. एक शब्द. त्यानंतर सगळ्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. कुणी लिहिलं, निग्रो कुटुंबाची ही जुनीच जखम आहे. कुणी लिहिलं, न दिसणारा बाप हाच या अल्बमचा नायक.

"मी सोमवारी लिंडक्विस्टला फोन करते, बाबा. सांगते सगळं."

"काय सांगशील?"

"तुम्ही कुठं होतात ते."

एल्झीनं खिशातून रुमाल काढून कानामागचा फेस पुसला. "आणि मग लोक तुझ्या आईला काय म्हणतील? चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवते ती. मदत कार्यालयाच्या त्या बाईच्या तोंडावर तिनं देवाची शपथ घेतली होती. एकदा नाही, दर वेळी."

"पण तुम्हाला लोक..."

"मला काय! पळून गेलेले बाप या गावात थोडे आहेत का? त्यांच्यात एक मी." तो खिडकीबाहेर बघू लागला. "खोटी शपथ घेणारी ओझेला मात्र एकच असेल. गाडी चालू कर. जेवण निवतंय."

"बाबा, मी त्याला आठ म्हणाले."

"वाचलं मी."

तिनं किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहरातल्या मोठ्या थिएटरात तिचा कार्यक्रम होता. आईवडील तिसऱ्या रांगेत. ओझेलानं निळी टोपी आणि चर्चचे पांढरे हातमोजे घातले होते, एल्झीनं ईस्टरला काढायचा ठेवणीतला सूट. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा थिएटर इतकं शांत झालं की वादकानं पाय हलवलेलाही ऐकू यावा. व्हर्डेल धृपदापाशी आली. दार वाजलं, आई म्हणाली, आमच्या घरात पुरुष नाही. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उजेडात तिला वडील स्पष्ट दिसत होते. त्यांच्या पलीकडे बसलेली एक म्हातारी हमसून हमसून रडत होती. तिनं एल्झीकडे वळून काहीतरी म्हटलं. एल्झीनं मान हलवली आणि आपला रुमाल तिला दिला.

गाळलेलं कडवं व्हर्डेलच्या ओठांपर्यंत आलं. वादक पुढच्या ओळीची वाट बघत तोच ठेका धरून राहिले. ती पुन्हा धृपदच गायली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एल्झीही उभा होता.

कार्यक्रमानंतर आईवडील रंगमंचामागच्या खोलीत आले. "ती शेजारची म्हातारी काय म्हणत होती हो तुम्हाला?" व्हर्डेलनं विचारलं.

"गाणं आवडलं म्हणाली."

"म्हणाली, असल्या बापाला देव क्षमा करो," ओझेला म्हणाली. "आणि हा म्हणाला, आमेन."

एल्झी सूटच्या बाहीवरचा न दिसणारा धागा काढत राहिला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. लिंडक्विस्ट आला होता, सोबत कॅमेरावाला. "मिसेस हारग्रोव्ह, तुम्हाला भेटायची फार इच्छा होती. एकटीनं मुलीला वाढवलंत तुम्ही. दोघींचा एक फोटो हवा होता. आई आणि मुलगी, बस."

कॅमेरावाल्यानं खुर्ची सरकवली, दिवा वळवला आणि एल्झीकडे बघून नम्रपणे म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला होता का?"

एल्झी लगेच बाजूला झाला. जिथं नाटकांचे जुने कपडे टांगले होते तिथं, भिंतीच्या आणि कपड्यांच्या मधल्या सापटीत जाऊन उभा राहिला. सवय असल्यासारखा. खांदे आपोआप आक्रसले त्याचे.

लिंडक्विस्टनं हळूच विचारलं, "ते कोण?"

व्हर्डेलनं तोंड उघडलं. वडिलांनी कपड्यांतून मान हलवली, नाही. तिनं आईकडे पाहिलं, मग समीक्षकाकडे.

ओझेला हातमोजा एकेक बोट ओढून काढत होती.

"माझा नवरा आहे," ती म्हणाली.

"अच्छा. म्हणजे आता दुसरे..."

"पहिलाच. दुसरा करायला हा गेला कुठं होता?" तिनं हातमोजा पर्समध्ये ठेवला. "मदत कार्यालयाची बाई यायची तेव्हा जिन्याखाली बसायचा. दोन-दोन तास. पोरीला दूध मिळावं म्हणून. आणि मी दारात उभी राहून खोटं बोलायची. साहेब, तुम्ही ते गाणं कितीदा ऐकलंत?"

"खूपदा," लिंडक्विस्ट म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"त्या गाण्यातली बाई खोटं बोलतेय. एवढे शिकलेले लोक तुम्ही, एकालाही शंका आली नाही? काळ्या बाईनं घरात पुरुष नाही म्हटलं की लगेच पटतं सगळ्यांना." मग ती भिंतीकडे वळली. "एल्झी, काय लपतोस तिथं? ये बाहेर. बाई गेली."

"ओझेला, कशाला आता..."

"ये म्हणते ना."

तो आला. टांगलेल्या कुठल्याशा झग्याची धूळ त्याच्या खांद्यावर बसली होती. ओझेलानं ती झटकली, त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. लिंडक्विस्ट व्हर्डेलकडे बघत होता. रागानं नाही, नुसतं बघत होता; तुम्ही मला आठ म्हणालात, असं त्याच्या ओठांवर आलं असावं. पण तो कॅमेरावाल्याला जागा देत मागे सरकला.

"तूही ये," आई म्हणाली.

व्हर्डेल खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. वडिलांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. त्यांचा तळवा कोरडा होता, तिचा ओला.

कॅमेरावाला वाकला. "छान. मिस हारग्रोव्ह, मान जरा वर."

तो थांबला.

"मान वर, मिस हारग्रोव्ह. जरा इकडे बघा."