पार्किंगचा उखाणा

रविवारी दुपारी एकला मुलुंड पूर्वेच्या एका हॉलमध्ये नवरी रेवतीने उखाणा घेतला आणि जेवणाच्या पंगतीत हशा उसळला.

“मुलुंडच्या गल्ल्यांत पार्किंगचे क्लेश,
मनात कायमची जागा अडवून बसले यज्ञेश!”

सगळ्यांच्या नजरा कुंदाताईंकडे वळल्या. या भागात लग्न ठरलं की हॉलच्या आधी त्यांना फोन जायचा. आईचा उखाणा त्यांचा, पुढे मुलीचाही त्यांचाच. हा मात्र त्यांचा नव्हता. ‘यज्ञेश’ला यमक जुळवताना ‘गणेश’ आणि ‘परदेश’ यांच्यापलीकडे गाडी सरकेना, तेव्हा शेजारच्या माधुरीने फोनमधल्या एआयला विचारलं होतं. चहा निवायच्या आत त्याने उखाणा काढून दिला.

“सांगून टाकू का गं?” कुंदाताई कुजबुजल्या.

“वेडी आहेस का?” माधुरी म्हणाली. “जिलेबी कुठून आणली ते केटरर सांगतो का?”

“मी काय केटरर आहे?”

“गप्प जेव ना. सगळे खूश आहेत.”

त्या गप्प राहिल्याही असत्या. पण नवरदेवाची आई शर्मिष्ठा माइक घेऊन उठली. “कुंदाताई, इतकी वर्षं लिहिताय, पण असा उखाणा तुम्हाला कधी जमला नव्हता!”

हे झोंबलं.

“आजही नाही जमला,” कुंदाताई ताडकन म्हणाल्या. “तो एआयने केलाय.”

पंगत थबकली. शर्मिष्ठाचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्या लग्नातला पण?”

“अगं, तेव्हा फोनला वायर होती!”

पुन्हा हशा. हात धुवायच्या रांगेत चौघीजणींनी कुंदाताईंना ॲपचं नाव विचारलं. शर्मिष्ठाने मात्र निघताना आपला जुना उखाणा अख्खा म्हणून दाखवला. एकाही अक्षराला अडखळली नाही.

संध्याकाळी बोरिवलीहून भाचीचा, विनिताचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. “मावशी, व्हिडिओ बघितला, झकास! मला तोच दे ना. मुलुंडच्या जागी बोरिवली, यज्ञेशच्या जागी निमेश. फक्त कुठून आला ते बोलू नकोस. सासूबाई मराठी शिकवतात, वाट लागेल.”

कुंदाताईंनी ‘बरं’ लिहिलं आणि पुसलं. मग कागद घेऊन स्वतःच ‘निमेश’ला भिडल्या.

सोमवारी दुपारपर्यंत विनिताला उत्तर गेलेलं नव्हतं. कागदावर एक ओळ होती, “बोरिवलीच्या सोसायटीत बिबट्याचा प्रवेश”. दुसरी अजून यायची होती.