पाईप, दात, आमेन

आमच्या ख्रिस्ती मंडळीला पाळक, म्हणजे पाद्री, नाही. एक होते, त्यांची बदली झाली. दुसरे येतील तोवर आपणच चालवू, असं ठरलं. त्याला एकोणीस वर्षं झाली.

सात जण आळीपाळीने रविवारचा संदेश देतात. सात जणांकडे मिळून सात संदेश आहेत. नवीन तयार करायला बंदी नाही, पण तशी वेळ कधी आली नाही. उपासना शिंपीकाकांच्या दुकानावरच्या खोलीत होते. तिथल्या पुतळ्यांना डोकी नाहीत, तरी प्रार्थनेआधी काका त्यांना भिंतीकडे वळवून ठेवतात.

बाबा प्लंबर. त्यांचा संदेश पाईपवर.

यंदा त्यांच्या घशातली गाठ काढली. सहा महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि नंतरचंही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी मान डोलावली आणि पाटीवर लिहिलं, "माझी पाळी?"

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे पाळ्यांची अदलाबदल चालत नाही. पूर्वी चालायची, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर आणि सुतार एकमेकांशी इतक्या पाळ्या बदलत राहिले की वर्षभर दोघंही बोलले नाहीत. आता दोनदा चुकलं की यादीतून नाव जातं. बाबांची एक पाळी दवाखान्यात गेली होती. यादी आत्याकडे असते. ती निवृत्त नर्स, बाबांची थोरली बहीण. सख्ख्या भावाला सूट देईल अशी ती बाई नव्हे.

"घरातल्या कुणी वाचून दाखवला तर चालेल," आत्या म्हणाली. घरात मी एकटाच होतो.

बाबा तीन दिवस लिहीत बसले. शनिवारी कागद हातात दिला. त्यावर होतं: पाईप. दात. आमेन.

"बाबा, मधलं?"

त्यांनी पाटीवर लिहिलं, "तू ऐकलंयस की."

अकरा वर्षं मी तिथे हजर होतो, हे खरं. हजेरीबद्दल माझी काही तक्रार नाही.

रविवारी उभा राहिलो. समोर चौदा माणसं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, पाटी मांडीवर.

"पाईप," मी म्हणालो. कागद उलटून पाहिला. "दात."

"दात शेवटी," शिंपीकाका म्हणाले. "आधी टाकी."

"टाकी भरलेली आहे," मागून सुताराची बायको म्हणाली. "नळाला पाणी नाही, तर टाकीला दोष देऊ नका."

"टाकी म्हणजे देवाची कृपा," मास्तर म्हणाले. "पाईप म्हणजे आपण. इथे ते हात असा वर करतात." त्यांनी हात वर केला.

"आणि खोकतात," शिंपीकाका म्हणाले.

"हो, इथे खोकतात." सुतार खोकला. हुबेहूब.

आत्या यादीकडे बघत होती. "पाच पाळ्या ऐकला मी तो खोकला," ती म्हणाली. "चौतीस वर्षं नर्स होते. मला वाटलं, भरून येतंय त्याला."

बाबांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुढे चला, अशी खूण केली.

मग दात आले. एका म्हातारीची कवळी हरवली. सुनेनेच लपवली म्हणून दोन वर्षं तिने सुनेशी अबोला धरला. बाबांनी बेसिनचा पाईप उघडला, तर कवळी आत.

"म्हातारी ढसाढसा रडली," शिंपीकाका म्हणाले, "आणि सुनेच्या गळ्यात पडली."

बाबांनी जोरजोरात मान हलवली. पाटीवर लिहून सगळ्यांना दाखवलं: "असं मी कधी म्हणालो?"

"दादा, गेल्या चार पाळ्या रडतेच आहे ती."

बाबांनी पुसून लिहिलं: "रडली नाही. दात धुतले, लावले, म्हणाली, चहा टाक."

"मग समेट?" मास्तरांनी विचारलं.

"दोघींनी घेतला," पाटीवर आलं.

सुताराची बायको हळूच म्हणाली, "हे जास्त बरं आहे." आमेन सगळ्यांनीच म्हटलं, मी सोडून, कारण ते माझ्या कागदावर होतं आणि मी जागा शोधत होतो.

आत्याने पेन काढलं.

"हा संदेश दिला कुणी, असं धरायचं?" मास्तरांनी विचारलं.

"ज्याला चूक सापडली त्याने," आत्या म्हणाली आणि भावाच्या नावापुढे खूण केली. "पुढची पाळी सात आठवड्यांनी. जमेल ना रे?"

बाबांनी मान डोलावली. मग पाटी पुसली, बराच वेळ लिहिलं आणि वर धरली: "पाईप बंद. नवीन विषय. वॉशर."

चौदा माणसांनी पाटी वाचली. शिंपीकाकांनी दोनदा.

"चालेल, दादा," ते शेवटी म्हणाले. "पण चार आठवडे आधी लिहून द्या. पाठ करायला वेळ लागतो."