आखाजीला ये

"जराशी रेस दे, भटू. आनखी. हां, आते सोड."

जीवराम उकिडवा बसला होता. कीर्तनात बुवांच्या तोंडापुढे माइक धरतात तसा त्याने मोबाइल भटूच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरपुढे धरला होता. भटू शेजारचा दूधवाला. गाडी त्याची साधीच, पण सायलेन्सरला खालून भोक पडलेलं, त्यामुळे आवाज मात्र पाटलाचा. आवाज भरून झाला तसा जीवरामने तो सुरतेला पाठवून दिला आणि गुडघे धरून उठला.

दारातून त्याची बायको रत्ना बघत होती.

"हाई काय चालनं?"

"प्रेमराजले त्याना गाडीना आवाज आयकाडी ऱ्हायनू."

"पन गाडी तं भटूभाऊनी शे."

भटू कॅनचा दोर आवळत हसला. "वैनी, आवाजले काय नाव ऱ्हास का?"

प्रेमराज जीवरामचा लंगोटीयार. भडगावच्या याच गल्लीत दोघे वाढले. तरुणपणी प्रेमराजने लाल सीबीझेड आणली, तेव्हा तालुक्यात तशी गाडी शोधून सापडली नसती. पुढे डिस्क ब्रेक, फुगलेली टाकी. पोरं ती बघायला गल्लीत यायची आणि प्रेमराज उगाचच किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहायचा. नंतर कामाला म्हणून तो सुरतेला गेला. जाताना गाडी जीवरामच्या पडवीत लावली. म्हणाला, "दोन महिना ठेव. खोली मिळनी का ली जास." सुरतेला गेलेली माणसं दोन महिन्यांत परत येत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेमराजला तेवढं ठाऊक नव्हतं.

जीवराम गुरांच्या दवाखान्यात परिचर. बिथरलेल्या बैलाचं शिंग धरून उभा राहील असा गडी, पण माणसाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटे. पहिल्या वर्षी कोणी तरी हेडलाइट मागितला. "दे ना भो, पडेलच शे." दिला. मग कोणाला क्लचची तार हवी होती, कोणाला बॅटरी, कोणाला पुढचं चाक. 'उद्या आणून देतो' म्हणून नेलेली वस्तू परत आली, असं या गल्लीत आजवर झालेलं नाही. कार्बोरेटर चोपड्याच्या अभिमनने नेला. त्याची गाडी हुबेहूब तीच होती आणि लग्नाची वरात तोंडावर होती. वरातीला कोण नाही म्हणतं? गंजलेला सायलेन्सर रत्नाने एका दिवाळीला भंगारवाल्याला घातला. राहता राहिला गाडीचा आरसा, तो खुद्द जीवरामने काढून मोरीवर ठोकला. रोज सकाळी तो प्रेमराजच्या आरशात बघून दाढी करायचा आणि त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही.

आणि प्रेमराजचा फोन आला, की ठरलेलं.

"मनी गाडी कशी शे?"

"एकदम झकास. एक किकमा चालू."

म्हणायला काय जातं, असं जीवरामला वाटायचं. मित्राला बरं वाटतं, आपलं काही बिघडत नाही.

पण यंदा प्रेमराजच्या दोन्ही किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस. त्याने फोनवर एवढंच मागितलं, "जिवा, माले एक डाव तिना आवाज आयकाड ना." तेव्हा भटूच्या गाडीपुढे मोबाइल धरण्यावाचून जीवरामला दुसरं सुचलं नाही.

उत्तर आलं ते ऐकताना जीवरामने मोबाइल कानाला लावला, तरी रत्नाला सगळं ऐकू गेलं.

"जिवा, हाई व्हयनी बात! तू खरंच सांभाळी रे. मी होळीले येस. गिरनाना पूलपर्यंत एक चक्कर मारसू आन परत. बस्स, दुसरं काहीच नको."

जीवराम पडवीच्या कोपऱ्यात गेला. पोत्याखाली नुसता सांगाडा होता. टाकीत गंज, इंजिनवर चिमण्यांची घाण, आणि जिथे पुढचं चाक हवं तिथे दोन विटा.

त्याने मोबाइल तोंडाशी धरला. "होळीले नको रे भो. रंग, धूळ, तुले सोसाव नही. आखाजीले ये. आंबा बी ऱ्हाई."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, होळीनंतर दीड महिन्याने. खोटं बोलताना माणूस कारणं जरा जास्तच चांगली देतो.

दुसऱ्या दिवसापासून जीवराम गल्लीत फिरायला लागला. ज्यांनी ज्यांनी नेलं, त्यांच्या दारात. इतकी वर्षं 'नाही' म्हणता न आलेल्या माणसाला आता 'परत दे' म्हणायचं होतं. चाक एकाच्या कडबा वाहायच्या गाड्याला लागलेलं निघालं. हेडलाइट गोठ्यात गायीच्या डोक्यावर लटकत होता. लोक हसले, पण प्रेमराजचं नाव काढलं की उठून पाना आणून देत. अभिमनकडे तो यष्टीने चोपड्याला गेला. अभिमनची गाडी केव्हाच मोडीत निघाली होती, कार्बोरेटर तेवढा फळीवर फडक्यात बांधून ठेवला होता.

"ली जाय भो," अभिमन म्हणाला. "देनाच व्हता. लाज वाटे म्हनीसन उनू नही."

हे ऐकून जीवरामला अभिमनचा राग यायला हवा होता. आला नाही. सबंध रस्ताभर तो मांडीवरचं फडकं धरून बसला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

मग पडवीत सगळी गाडी उघडली. उघडायला त्याला प्रेमराजनेच शिकवलं होतं. कोणता बोल्ट कुठला हे हातांना अजून आठवत होतं. रत्नाची पुरणाची परात नटबोल्टांनी भरली. पिस्टन अडकून बसलेला, त्यात डिझेल ओतून ठेवलं. ब्लॉक जळगावला नेऊन बोअर करून आणला. टाकीत गिरणेची खडी भरून एका बाजूने जीवराम आणि दुसऱ्या बाजूने भटू ती हलवत बसत, गंज सुटून यावा म्हणून. कार्बोरेटरची बारीक भोकं काही केल्या उघडेनात, तेव्हा त्याने दवाखान्यातून म्हशींना टोचायची जुनी जाड सिरिंज आणली आणि तिने पेट्रोल मारून मारून ती मोकळी केली.

"म्हैस व्यायनी का?" येणारेजाणारे विचारत.

"यी ऱ्हायनी," जीवराम मान खाली घालून म्हणे.

अशात एका दुपारी प्रेमराजचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"जिवा, डॉक्टर म्हने दोन दिन जाई या. या शनवारले येऊ का?"

जीवरामच्या पुढ्यात इंजिन उघडं पडलेलं होतं. सायलेन्सर मिळायचा होता. टाकी रंगाला गेली होती. त्याने रत्नाकडे पाहिलं. रत्ना हळूच म्हणाली, "सांगी टाका. खरं सांगी टाका. येऊ द्या त्यासले."

"शनवारले मी नही रे आठे," जीवराम फोनमध्ये म्हणाला. "खेडासमा लसीकरण चालू शे. तू आखाजीले ये. निवांत."

"बरं," प्रेमराज म्हणाला. "आखाजीले."

रत्ना उठून आत गेली. त्या दिवसापासून ती पडवीत नवऱ्याशेजारी बसेनाशी झाली.

गाडी उभी राहिली ती गुढीपाडव्याच्या सुमारास. लाल रंग, जुन्यासारखाच. मोरीवरचा आरसासुद्धा जीवरामने काढून जागेवर लावला. भिंतीवर त्याचा पांढरा डाग उरला. पहिल्या किकला काही नाही, दुसऱ्याला खोकला, आणि मग ती चालू झाली. भटूच्या गाडीचा आवाज भांडखोर, फाटका. हिचा तसा नव्हता. पोटातून यायचा, घुमायचा. जीवरामने कितीतरी वर्षांत तो ऐकला नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि भटूने उगाच दुसरीकडे पाहिलं.

जीवरामने मोबाइल काढून आवाज भरला. पाठवणार तोच अंगठा थांबला. हा आवाज आणि मागे पाठवलेला आवाज प्रेमराजच्या मोबाइलमध्ये एकाखाली एक दिसणार. दोन्ही ऐकले, की शेंबडं पोरही सांगेल. जाऊ दे, त्याला वाटलं. आखाजीला येईल तेव्हा समोरच ऐकेल, मग पाया पडून सगळं सांगू.

त्याच आठवड्यात प्रेमराज गेला.

द्रौपदाबाई, प्रेमराजची थोरली भावजय, ओट्यावर बसून मोठ्याने रडत होती, तेव्हाच गल्लीला कळलं. सगळं सुरतेलाच उरकलं. इथून भाऊबंद गाडी करून गेले. जीवरामसाठी जागा ठेवली होती. त्याने दवाखान्याचं कारण सांगितलं. खरं तर त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, मेलेल्याच्या तर नव्हतीच. शनिवारी तो आला असता. विटांवर उभा सांगाडा बघून शिव्या दिल्या असत्या, कदाचित हसलाही असता, पण आला असता. जीवरामने त्याला गाडीसाठी थांबवलं होतं आणि गाडी त्याच्यासाठी होती. हे त्याच्या मनातून जाईना.

आखाजीच्या दुपारी प्रेमराजची बायको सपना आली. द्रौपदाबाईच्या घरी पितरांच्या घागरींत एक घागर नवी होती, प्रेमराजची. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकली. गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर गात होत्या. सपना तिथून सरळ जीवरामच्या पडवीत आली. हातात प्रेमराजचा मोबाइल होता.

गाडी बघून ती थबकली. मग टाकीवर हात ठेवला.

"इतली चांगली ठेयी, भाऊ?"

जीवरामने गाडीची सीट उगाच पुसली. रत्ना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. भटूही पलीकडून येऊन खांबाला टेकला.

"त्या मशीनवर झोपनात, का हाऊच आवाज लावेत," सपना म्हणाली आणि तिने मोबाइलवर बोट ठेवलं. पडवीत भटूच्या गाडीचा फाटका आवाज घुमला. "रोज. मी म्हनू, कटाळा नही येत का? तं म्हनेत, तिना घसा बी मना घसासारखाच बसना, पन चालू शे ना? बस, मंग मी बी चालू शे. शेवटना दिनबी त्यासनी हाऊच लावाले सांगा."

भटूची मान खाली गेली.

"वैनी," जीवरामने तोंड उघडलं. "तो आवाज…"

सपनाने त्याच्याकडे पाहिलं. मोबाइल तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. जीवरामचे शब्द जिथल्या तिथे राहिले.

"चालू करा ना, भाऊ," ती म्हणाली. "एक डाव. माले समोर आयकू द्या."

जीवरामने किल्ली लावली. पेट्रोलचा कॉक उघडायला म्हणून तो खाली वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याने ठिणगी पडू नये म्हणून प्लगची टोपी ओढून सैल केली. मग उभा राहून किक मारली.

गाडी चालू झाली नाही.

पुन्हा मारली. पुन्हा. भटू पुढे झाला. "अरे, कालदिन तं एक किकमा…" म्हणता म्हणता त्याची नजर इंजिनावरच्या सुटलेल्या टोपीवर गेली. त्याने जीवरामकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. जीवराम किक मारत राहिला. गाडी मेलेली असताना 'एक किकमा चालू' म्हणणारा तो, आता जिवंत गाडीला लाथा घालत होता. सदरा पाठीला चिकटला. हँडलवरच्या आरशात त्याचं घामेजलेलं तोंड हलत होतं. रोज दाढीला बघायचा तेच तोंड, पण आज त्याला ते बघवेना.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ." सपनाने त्याच्या दंडाला हात लावला. "जुनी शे. थकी गई व्हई ती बी. तिना आवाज माले ठाऊक शे."

जीवराम धापा टाकत उभा राहिला.

"गाडी तुमनाजवळच ऱ्हाऊ द्या. इतली वर्षं तुम्हीच सांभाळी." ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "दुसरं कोन सांभाळतं?"

ती गेली. रत्नाने तांब्या नवऱ्यापुढे ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्याशेजारी बसली. जीवरामने प्लगची टोपी पूर्ण काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

संध्याकाळी दूध घालायची वेळ झाली. भटूने भरलेले कॅन गाडीला अडकवले, दोर आवळला, आणि किकवर पाय ठेवला. पलीकडे द्रौपदाबाईच्या ओट्यावर सपना बसली होती, मोबाइल मांडीवर ठेवून. भटूने तिकडे पाहिलं. किकवरचा पाय काढला. गाडी स्टँडवरून उतरवली आणि तो ती हाताने ढकलत निघाला.

कॅन काठोकाठ भरलेले. गल्लीला चढ. ओट्यासमोरून जाताना गाडी डुलली, भटूला सावरेना.

"काय व्हयनं, भटूभाऊ?" सपनाने विचारलं.

"काही नही, ताई. पेट्रोल सरनं."

जीवराम पडवीतून उठला. मागून जाऊन त्याने कॅरिअरला हात लावला, आणि दोघे जण ती चालू गाडी चौकापर्यंत ढकलत घेऊन गेले.